जपून ठेवलेला एसी

आमच्या गाडीचा एसी बिघडला असं म्हणणं तितकंसं बरोबर होणार नाही. बिघडायला वस्तू आधी चालावी लागते. आमचा एसी आम्ही जपून ठेवला होता.

ही जपून ठेवण्याची विद्या मूळ आमच्या आईची. चांगले कप कपाटात, चांगली चादर ट्रंकेत, वासाचा साबण चादरीच्या घडीत. आम्ही दोघे भाऊ कान तुटलेल्या कपांतून चहा पिऊन मोठे झालो. "कोणी आलं-गेलं तर लागतं" या एका वाक्यावर आईने सगळा संसार रेटला. दिव्यांचंही तेच. खोलीतून माणूस बाहेर पडायच्या आत तिचा हात बटणापर्यंत पोचलेला असे, आणि कधीकधी माणूस बाहेर पडणारच नसे. वडील हातात वर्तमानपत्र धरून अंधारात शांत बसलेले मी अनेकदा पाहिले आहेत.

त्यामुळे मी गाडी घेतली तेव्हा तिचा एसी पाहुण्यांसाठी आहे हे मला कोणी सांगावं लागलं नाही. त्याला आता इतकी वर्षं झाली की गाडीचा मूळ रंग कोणता होता याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. एवढ्या काळात एसी एकदाच लागला. सासरे आले होते, त्यांना स्टेशनवरून घरी आणताना मी मोठ्या अभिमानाने बटण दाबलं. सासरे दोनदा शिंकले आणि म्हणाले, "बंद करा हो ते." बंद केलं. तेव्हापासून एसी विश्रांती घेत होता आणि मला वाटत होतं की विश्रांतीने प्रकृती सुधारते.

यंदा मात्र आईला आणायचं होतं.

आई असते दादाकडे. वर्षातून एकदा आमच्याकडे येते, आठ दिवस राहते आणि जाते. येताना एक छोटी पिशवी आणते, ती पलंगाखाली ठेवते आणि त्यातून एकेक वस्तू काढून परत त्यातच ठेवते. साडी कधी आमच्या कपाटात लावत नाही. मी दरवर्षी म्हणतो, "आई, आता इथेच राहा." ती म्हणते, "बघू." आईचं 'बघू' म्हणजे काय हे मला शाळेपासून माहीत आहे. सायकलीलाही ती 'बघू' म्हणाली होती.

बराच विचार करून मी या रोगाचं मूळ शोधून काढलं होतं. आईला दादा त्याच्या गाडीने सोडतो, म्हणून तोच न्यायलाही येतो. जो आणतो तोच नेतो, हा नियम आहे. मी स्वतः जाऊन आणलं तर परत नेणंही माझ्याच हातात राहील आणि मी काही नेणार नव्हतो. मागे एकदा भर उन्हाळ्यात मी तिला आणायला गेलो होतो, पण वाटेत तिला चक्कर आली, ओकाऱ्या झाल्या आणि तेव्हापासून वहिनींनी माझ्या गाडीवर बंदी घातली. यंदा मी फोन करून मागणी पुढे रेटली तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, गाडी गार असेल तरच पाठवीन. नाहीतर हे आणून सोडतील."

"गाडीला एसी आहे, वहिनी," मी जरा दुखावलेल्या आवाजात म्हणालो.

"आहे हो. पण चालतो का?"

खाली जाऊन मी बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. डॅशबोर्डच्या पोटात काहीतरी टक् करून वाजलं, जळका वास आला आणि हिरवा दिवा गेला. त्याच्याबरोबर गाडीतलं घड्याळ गेलं आणि हॉर्नही गेला. मी पुन्हा दाबलं. का दाबलं ते विचारू नये, सगळेच दाबतात.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. आम्ही त्यांना घरात सल्लागार म्हणतो. गाडीचं बॉनेट उघडल्याचा आवाज त्यांना झोपेतही ऐकू येतो. ते जिना उतरून आले आणि नेहमीच्या वाक्याने त्यांनी सुरुवात केली.

"मी बोलणार नव्हतो, पण तुमचा गॅस गेलाय."

"पण जळका वास आला."

"गॅसचाच वास. माझ्या मेव्हण्याच्या गाडीला अगदी हेच झालं होतं."

"मग?"

"विकली त्याने."

मी गॅसवाल्याकडे गेलो. त्याने नळ्या लावल्या, घड्याळासारख्या दोन चकत्यांकडे डॉक्टरसारखं बघितलं, गॅस भरला आणि म्हणाला, "गॅस आता एकदम ओके. पण पुढे करंटच येत नाही. हे काम इलेक्ट्रिकचं." मी वायरमनकडे गेलो. त्याने फ्यूज बदलला, टेस्टरचं टोक चार ठिकाणी टेकवलं आणि म्हणाला, "करंट फर्स्टक्लास आहे साहेब. हे काम गॅसचं." दोघांची दुकानं समोरासमोर होती. मी दोघांना रस्त्याच्या मधोमध एकत्र आणायचा प्रयत्न केला. तेव्हा कळलं की ते एकमेकांशी बोलत नाहीत. कारण विचारलं तर दोघांनीही वेगवेगळं सांगितलं.

बायको म्हणाली, "टॅक्सी करा. आईंना घेऊन या. विषय संपला."

"आईला भाड्याच्या गाडीने आणू?"

"त्यात काय झालं?"

"भाड्याची गाडी म्हणजे येण्याजाण्याचीच असते," मी म्हणालो. तिला ते पटलं नाही. खरं म्हणजे मलाही नीट सांगता आलं नव्हतं, पण मनात होतं ते हेच.

मग मी सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथे एसी इतका होता की मला गाडीऐवजी आईलाच तिथे आणून बसवावंसं वाटलं. काउंटरवरच्या मुलीने नंबर विचारला, बराच वेळ टाइप केलं आणि म्हणाली, "सर, सिस्टीममध्ये तुमची गाडी दिसत नाही."

"ती काय, बाहेर उभी आहे."

तिने काचेतून बाहेर पाहिलं. "बाहेर दिसते, सर. सिस्टीममध्ये नाही दिसत. सिस्टीममध्ये नसेल तर जॉबकार्ड नाही बनत, जॉबकार्डशिवाय गाडी आत नाही घेता येत."

"मग सिस्टीममध्ये घाला."

ते करता येत होतं. त्यासाठी गाडी घेताना दिलेल्या फोनवर एक कोड जाणार होता. गाडी घेताना मी घरचा फोन दिला होता, तो भिंतीला लावलेला, तारेचा. तो कधीच काढून टाकला होता आणि त्या खिळ्याला आता कॅलेंडर आहे. मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "कोड पाठवलाय, सर. या नंबरवर आत्ता बघा." मी बघणार कुठे? मॅनेजर आले, त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि हलक्या आवाजात विचारलं, "इतकी वर्षं कसं काय सांभाळलंत हो हिला?" हे कौतुक नाही हे समजायला मला घरी पोचेपर्यंत वेळ लागला.

शेवटी मी वायरमनच्या पाया पडायचा बाकी राहिलो. तो म्हणाला, "डॅशबोर्ड खोलावा लागेल." हे वाक्य जगात कोणी कोणाला ऐकवू नये. दुसऱ्या दिवशी बघायला गेलो तर माझ्या गाडीचं सगळं अंतरंग एका गोणपाटावर मांडून ठेवलेलं होतं. स्टिअरिंग तेवढं जागेवर होतं. वायरमनने ब्लोअरच्या, म्हणजे एसीच्या पंख्याच्या, डब्यातून एक मऊसर गोळा काढून माझ्या हातावर ठेवला.

"उंदराचं घरटं. वायरी खाल्ल्यात. आतला रेझिस्टर जळालाय, म्हणून पंखा फिरला तर फुल स्पीडवर, नाहीतर नाहीच. एसी चालू ठेवला असता ना साहेब, तर उंदीर नसता बसला. न वापरलेल्या जागेत बसतो तो."

मी गोळा उलगडून पाहिला. तो छापील कागदाचा होता. गाडीबरोबर मिळालेलं माहितीचं पुस्तक मीही कधी वापरलं नव्हतं, तेही जपूनच ठेवलं होतं. उंदराने सगळी पानं नेली होती आणि जाड कव्हर तेवढं सोडलं होतं. एका तुकड्यावर 'नियमितपणे चालू करावा' एवढे शब्द शाबूत होते. मी तो तुकडा खिशात घातला आणि बायकोला दाखवला नाही.

वायरी जोडल्या गेल्या. रेझिस्टर मूळचा मिळेना, म्हणून दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा बसवला. त्या गाडीचं नाव वायरमनने सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. सगळं जागेवर बसवल्यावर चार स्क्रू उरले, ते त्याने कागदात बांधून मला परत दिले. प्रामाणिक माणूस. मग त्याने बटण दाबलं आणि माझ्या तोंडावर भट्टीतून यावी तशी हवा आली.

"हे गरम आहे," मी म्हणालो.

"हीटर आहे. बघा, कसला चालतोय."

"मला हीटर नको आहे."

"थंडीत लागेल."

थंडीला अवकाश होता. गार आणि गरम हवेच्या मधे एक झडप असते आणि ती फिरवणारी छोटी मोटर असते, ती गरम बाजूला अडकून बसली होती. आता आमचा एसी आतून गार हवा तयार करत होता, ती हीटरवरून जात होती आणि गरम होऊन माझ्यापर्यंत येत होती. इतकं सरळसोट नुकसान मी सरकारी कचेरीतही पाहिलेलं नाही. सल्लागारांना हे कळल्यावर ते खाली आले आणि म्हणाले, "मी बोलणार नव्हतो, पण हे सगळं मुळात अर्थिंगमुळे. माझ्या मेव्हण्याच्या गाडीला..."

"विकली ना त्याने?" मी म्हणालो.

"पहिली. मी दुसरीबद्दल बोलतोय."

तिकडे वहिनींचा फोन आला. "भाऊजी, गाडीचं काय झालं? नसेल जमत तर हे या रविवारी येतातच आहेत तिकडे. सोडतील आईंना, आणि पुढच्या रविवारी घेऊन येतील." मी म्हणालो, "वहिनी, गाडी बर्फासारखी गार आहे. मी शनिवारी येतो." फोन ठेवल्यावर मी पलंगावर बसून राहिलो. पलंगाखाली आईची पिशवी ठेवायची जागा होती. मला खरोखर रडू येईल असं वाटलं. एका झडपेपायी माझी आई पुन्हा आठ दिवसांची पाहुणी होऊन येणार होती, आणि या खटाटोपात हे मी कोणाला सांगूही शकत नव्हतो. सगळ्यांना वाटत होतं की मी गाडी दुरुस्त करतोय.

शुक्रवारी संध्याकाळी वायरमनने झडपेची मोटर काढून टाकली आणि झडप गार बाजूला वळवून तारेने बांधून टाकली. बटण दाबलं. पंखा फिरला. गरम हवा आली, मग कोमट आली, मग माझ्या मनगटावरचे केस उभे राहिले. वायरमनने स्वतःचाही हात जाळीपुढे धरून पाहिला. बहुधा त्याला माझ्यापेक्षा जास्त आश्चर्य वाटलं असावं.

"फक्त एकदोन गोष्टी," तो म्हणाला. "डावीकडचा इंडिकेटर शक्यतो देऊ नका. दिला की एसी थांबतो."

"का?"

"ते गाडीलाच माहीत. आणि पुढच्या दोन्ही खिडक्या आता उघडणार नाहीत. त्यांचा करंट इकडे घेतलाय. कुठून तरी आणावाच लागतो ना? मागच्या हँडलच्या आहेत, त्या उघडतात." मग तो जरा जवळ आला. "आणि मुख्य म्हणजे, एकदा चालू केला की घरी येईपर्यंत बंद करू नका. बंद केलात तर परत चालू होईलच असं मी म्हणणार नाही."

शनिवारी सकाळी मी एसी चालू केला आणि निघालो. बायको दारातून म्हणाली, "सावकाश जा." मी काचेआडून हात हलवला. खिडकी उघडत नव्हतीच. डावीकडे वळायचं आलं की मी सरळ पुढे जाई, उजवीकडे वळे, पुन्हा उजवीकडे, पुन्हा उजवीकडे आणि मग मला हव्या त्या रस्त्याला लागे. एका चौकात मी असा दोनदा आलो तेव्हा तिथल्या पोलिसाने माझ्याकडे निरखून पाहिलं. तरीही त्या प्रवासात मी सुखी होतो हे कबूल केलं पाहिजे. पायांना गार हवा लागत होती. हा गारवा इतकी वर्षं माझ्याच मालकीचा होता आणि मला त्याची कल्पना नव्हती.

दादाच्या दारात मी गाडी उभी केली आणि इंजिन तसंच चालू ठेवून वर गेलो.

"गाडी चालू राहिली रे तुझी," दादा खिडकीतून बघत म्हणाला.

"असू दे."

"अरे, पेट्रोल जळतंय."

"असू दे, दादा."

"चावी विसरलास का? थांब, मी बंद करून येतो."

मी त्याचा हात धरला. मोठ्या भावाचा हात मी त्याआधी बहुधा लहानपणी धरला असेन. तो माझ्याकडे बघत राहिला. चहा आला तो मी उभ्यानेच प्यायलो आणि दर दोन घोटांनी खिडकीशी जाऊन खाली बघितलं. वहिनी मात्र तडक खाली गेल्या, गाडीचं दार उघडून आत हात घातला, लेकराचा ताप बघतात तसा थोडा वेळ धरून ठेवला आणि वर येऊन म्हणाल्या, "गार आहे. न्या."

आई तयारच होती. नेहमीची पिशवी तिच्या हातात होती. दादाने तिच्यामागून एक गाठोडं आणून मागच्या सीटवर ठेवलं, तेव्हा मला वाटलं वहिनींनी काहीतरी दिलं असेल. आई पुढे बसली, मी दार लावलं, आणि आम्ही निघालो.

गल्लीच्या तोंडाशी आई म्हणाली, "डावीकडे ना रे?"

"उजवीकडून जवळ पडतं."

रस्त्याला लागल्यावर तिने समोरच्या जाळीपुढे हात धरला. गार हवा तिच्या बोटांतून जाताना मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिली, म्हणजे हवा दिसत नाही, पण तिच्या बांगड्यांजवळचा पदर हलत होता. ती शाबासकी देईल म्हणून मी वाट बघत होतो.

"हा एसी का?" आईने विचारलं.

"हो."

"छान आहे. मग बंद कर."

"का? गारठलीस का?"

"गारठायला काय झालं? उगाच वापरून कशाला संपवायचा? कोणी आलं-गेलं तर लागतो." आणि मी तोंड उघडायच्या आत ती पुढे म्हणाली, "मी काय पाहुणी आहे का?"

असं म्हणून तिने हात पुढे केला. आमच्या लहानपणी ज्या हाताने तिने घरातला प्रत्येक दिवा माणूस उठायच्या आत बंद केला, त्याच हाताने तिने ते बटण दाबलं. हिरवा दिवा गेला. पंखा थोडा वेळ आपला आपण फिरला आणि थांबला.

वायरमनचं वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. आरशातून मी मागच्या सीटवरच्या गाठोड्याकडे पाहिलं. गाठ जराशी सुटली होती आणि आतून आईची उशी दिसत होती. आई तिच्या उशीशिवाय कुठे झोपत नाही, पण आमच्याकडे आठ दिवसांसाठी येताना तिने ती कधी आणली नव्हती. मला इतकं बरं वाटलं की पुढचं थोडं अंतर मी कोणत्या गिअरमधे गेलो ते आठवत नाही.

त्यानंतर आम्ही भाजून निघालो. पुढच्या खिडक्या बंदच होत्या. मागच्या उघडायला मी गाडी थांबवली, पण त्यांतून येणारा वारा आमच्यापर्यंत येत नव्हता, उशीला लागत होता. घाटाच्या अलीकडे मी हळूच बटण दाबून पाहिलं. काहीही झालं नाही. पुन्हा दाबलं, तेही करून झालं. समोरच्या खणात उंदराने सोडलेलं पुस्तकाचं जाड कव्हर होतं, ते घेऊन आई वारा घालत बसली. थोडा स्वतःला, थोडा मला.

"आई, चक्कर येते का गं?" मी सारखा विचारत होतो. "मागच्या वेळी उन्हाने आली होती."

"उन्हाने कसली? तू वळणावर गाडी जोरात घेतोस त्याने आली होती. तुझ्या वहिनीला कसं सांगायचं, म्हणून ऊन म्हटलं."

मी गाडी हळू केली. आता इंडिकेटरचीही भीती राहिली नव्हती, म्हणून डावीकडे वळताना तो व्यवस्थित दिला. एका दिवसात सरळ डावीकडे वळण्यातलं सुख मी विसरलो होतो.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सल्लागार जिन्यात उभे होते, पण माझ्या शर्टाकडे बघून ते काहीच बोलले नाहीत, यावरून माझी अवस्था समजावी. आई उशी काखेत मारून पुढे गेली. बायकोने मला दारातच थांबवलं.

"अहो, हे काय? एसी चालला नाही का?"

"चालला," मी म्हणालो. "जपून ठेवलाय."

तिने माझ्याकडे बघितलं, मग आत गेलेल्या उशीकडे बघितलं, आणि पुढे काही विचारलं नाही. आतून आमच्या कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. पाठोपाठ आईची पावलं बाहेर आली, दाराजवळ क्षणभर थांबली आणि आम्ही ज्याखाली उभे होतो तो दिवा बंद झाला. आम्ही दोघं थोडा वेळ तसेच अंधारात उभे राहिलो.